साध्या बशा

तिने बारावी बशी उजेडात धरली, जरा तिरकी केली आणि पट्टी पुन्हा लावली. काळ्या बुरशीचा डाग याही बशीत गोल नव्हता. शाईच्या खुणेच्या बाजूला तो दोन मिलिमीटर जास्त पसरला होता.

बंद पडलेल्या अणुभट्टीतून खरवडून आणलेली ही बुरशी प्रयोगशाळेत दोन प्रकारे वाढवत. काही बशा किरणांसमोर, काही साध्या जागी. किरणांसमोरची चार दिवसांत बाटलीच्या झाकणाएवढी होई आणि किरणांच्या बाजूला झुके. साधी जेमतेम शर्टाच्या बटणाएवढी, आणि गोल. काळ्या रंगामुळेच तिला किरणं मानवतात, असं प्रमुख बाई म्हणत.

साध्या बशांच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून तिने त्या बिस्किटांच्या डब्यात घालून घरी आणल्या. घर म्हणजे साधी जागाच की. लेकीचा हात पोचू नये म्हणून तिच्याच खोलीतल्या कपाटावर ठेवल्या, आणि प्रयोगशाळेतल्या सवयीने प्रत्येकीवर भिंतीकडच्या बाजूला शाईची खूण केली.

"लोक बुरशी दिसली की डबा फेकतात," सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमची सून डबा भरून घरी आणते."

लेकीची कॉट त्याच भिंतीला लागून होती. गेली चार वर्षं. गार लागतं म्हणून ती झोपेत गाल भिंतीला टेकवायची.

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आपल्या घराच्या विटा कुठून आणल्या होत्या?"

सासरे गवंडी. विटांचा विषय निघाला की त्यांना दोन घास जास्त जात.

"अणुभट्टीच्या आवारातली जुनी इमारत पाडली ना, तिथल्या. कोणी घेईना, मी ट्रक भरून आणल्या. खिळा ठोकून बघ, खिळा वाकेल."

"सगळ्या भिंतींत त्याच?"

"काही त्या, काही साध्या. कुठे किती गेल्या, ते आता कोणाला आठवतंय?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नंतर भांडी विसळताना तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडचा किरणं मोजायचा मीटर आण ना."

"वहीत कारण लिहावं लागतं."

"मग नको. बाबांच्या कानावर गेलं तर..." तो थांबला. "कॉट सरकवू. खोलीच्या मधोमध."

कॉट सरकवली. खाली तिने एक नवी बशी ठेवली, चार भिंतींच्या चार खुणा करून. पुढचे चार दिवस ती अंघोळ घालताना लेकीच्या अंगावर निळे डाग शोधत राहिली. सापडला की विचारायची, कुठे धडपडलीस? लेक दर वेळी नवी गोष्ट सांगायची.

पाचव्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या नवरा कॉटखाली शिरला.

"गोल आहे," त्याचा आवाज मोकळा झाला. "कंपासने काढल्यासारखी. कुठेच झुकली नाही. उगाच आमचा जीव टांगणीला लावलास."

तिने बशी घेतली. चारही खुणांपासून डाग सारख्याच अंतरावर होता. ती स्वयंपाकघरात गेली, तेलाच्या बाटलीचं झाकण काढलं आणि डागावर ठेवलं. झाकणाखालून काळी कड बाहेर डोकावत होती. सगळ्या बाजूंनी, सारखीच.

"काय गं?" नवरा दारातून म्हणाला.

"काही नाही. गोल आहे."

"आई," लेक कॉटवरून ओरडली, "मला परत भिंतीपाशी ने ना."

तिने झाकण बाटलीला घट्ट बसवलं. मग येऊन कॉटची एक बाजू धरली. दुसरी नवऱ्याने धरली, शीळ घालत.

लेक भिंतीकडे वळली. लेकीचा गाल टेकायच्या आत तिने मध्ये आपला तळहात ठेवला. भिंत खरंच गार होती.