शिवेची तिसरी फेरी

व्हर्जिनिया इंग्रजांची वसाहत होती तेव्हा तिथल्या डोंगराळ भागात दर चार वर्षांनी शेजारीपाजारी जमून शिवेवरून चालत आणि झाडांवरच्या कुऱ्हाडीच्या जुन्या खुणा ताज्या करत. तीन फेऱ्यांत कोणी हरकत घेतली नाही, की शीव कायमची. मग प्रत्यक्ष देव खाली उतरला तरी ती हलायची नाही.

हॅडवेल आणि स्टाउफर यांच्या शिवेची आज तिसरी फेरी होती. ही शीव दहा वर्षांपूर्वी लेमुएल पेटवर्थने मोजली होती, वयाच्या सतराव्या वर्षी, पहिलं काम म्हणून. आता तो पलटणीत मेजर होता. पुढच्या महिन्यात त्याला वसाहतीच्या सभेच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि सगळी भिस्त कर्नल हॅडवेलवर होती.

मंडळी कोपऱ्यावरच्या ओकच्या झाडापाशी थांबली, तेव्हा अपोलोनिया स्टाउफर पुढे झाली.

"मेजर, माझी हरकत आहे. झरा आमचा. मातियास पावलांनी मोजायचा, दर वेळी झरा आमच्याच बाजूला यायचा."

"मग मागच्या दोन्ही फेऱ्यांत नवऱ्याची दातखीळ बसली होती काय?" कर्नलने विचारलं.

"तो म्हणायचा, शिकल्यासवरल्या माणसाचा कागद आहे, आपण काय बोलणार. म्हणून तर विहीर खणायला घेतली."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. विहिरीची कड ढासळून मातियास आत गाडला गेला होता. तिथल्या निम्म्या माणसांनी ती माती उपसली होती.

लेमुएलने दांडी रोवली, वर होकायंत्र बसवलं. दस्तात लिहिलेली दिशा आणि खुणांच्या झाडांची रांग तंतोतंत जुळली.

"झालं समाधान?" कर्नल म्हणाला. "चला, घाव घाला."

लेमुएल दांडी काढायला वळला आणि सुई हलली. तो थबकला. परत होता तसा उभा राहिला, सुई जागेवर आली. कमरेची तलवार त्याने हळूच मागे सारली. सुई पुन्हा सरकली.

 सुईजवळ लोखंड नेऊ नये, हे मोजणीदार पहिल्या दिवशी शिकतो. साखळी ओढणाऱ्या गड्यांना तो कुऱ्हाडी लांब ठेवायला लावायचा, वर चार शब्द सुनवायचा. आणि दहा वर्षांपूर्वी स्वतः मात्र वारलेल्या वडिलांची हीच तलवार लटकवून इथे आला होता, कोणी पोरगेला म्हणू नये म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कोणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. कुऱ्हाड वर उचललेली होती. एक घाव, आणि ती चूक कायमची बरोबर ठरणार होती.

"थांब," तो म्हणाला. त्याने पट्टा सोडला आणि तलवार अपोलोनियाच्या हाती दिली. "बाई, ही घेऊन त्या कुंपणापाशी उभ्या राहा."

त्याने पुन्हा सुई लावली. या खेपेला रेघ झऱ्याच्या पलीकडून गेली, चांगली चाळीस पावलं, आणि झरा स्टाउफरांच्या बाजूला आला.

"लेमुएल," कर्नल शांतपणे म्हणाला, "उन्हाने डोळे दिपले असतील तुझे. नीट बघ. पुढचा महिना काही लांब नाही."

"आज नीटच बघितलं, कर्नलसाहेब. दहा वर्षांपूर्वी बघितलं नव्हतं. चूक माझी आहे, तशी लिहून घ्या."

कर्नल घोड्यावर बसला आणि मागे न बघता निघून गेला.

लेमुएल कुंपणापाशी गेला.  अपोलोनियाने तलवार हातावर तोलून पाहिली.

"एवढंसं तर वजन," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी ठेवून आला असतात तर?"

तलवार त्याला परत देऊन ती झऱ्यावर न्यायला बादली आणायला गेली.

ती निवडणूक तो हरला. पुढे फार मोठा झाला, फौजा हाकल्या, देशाचा कारभार पाहिला. नकाशा उघडायच्या आधी तलवार काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. लोकांना वाटायचं, जुन्या मोजणीदाराची खोड आहे.