अर्धा क्लच

पासष्टच्या लढाईत घरचा ड्रायव्हर फौजेत गेला. कारखान्यात सोळा-सोळा तास राबून शशिकांतला गाडी चालववेना, म्हणून बायकोनं शिकायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

शिकवताना तो कारखान्यातली पोलादी फूटपट्टी हातात धरून बसे. गिअर खरखरला की पट्टीची धार वसुधाच्या बोटांवर, इंजिन बंद पडलं की गुडघ्यावर. "काहून मारून राहिले?" असं तिनं एकदाच विचारलं. त्या दिवशी अंगठ्याचं नख गेलं. पण महिन्याभरात तिचे हात शिकले, आणि पाय तर हातांपेक्षाही जास्त.

शेवटची परीक्षा मदन महलच्या किल्ल्याजवळच्या चढावर. ब्रेक न लावता गाडी नुसत्या अर्ध्या क्लचवर थोपवायची. एरवी तो चाकामागे दगड ठेवायचा. आज त्यानं दगड लाथेनं उडवला आणि गाडीमागच्या भिंतीला पाठ लावून स्वतःच उभा राहिला.

"आता सरकव मागे! नवरा मरंल तुझा!"

गाडी जागच्या जागी थरथरत उभी होती. वसुधानं क्लचवरचा पाय किंचित दाबला. गाडी हातभर मागे आली, बंपरनं त्याचे दोन्ही गुडघे भिंतीला चेपले, आणि तिथेच तिनं ती पुन्हा थोपवली.

"वसुधा! पुढे घे! हाडं मोडून राहिली!"

"आधी पट्टी फेका."

पट्टी दगडांवर खणखणली. वसुधानं आरशात पाहिलं. तो रडत होता. तिचा पाय मात्र जरासुद्धा हलला नाही. मार खाऊन शिकलेला होता तो.