गोटीमाईची गोटी आणि ताईची गाठ

गोटीमाईच्या खोलीबाहेर चपलांचा एवढा ढीग पडला होता, की आपली जोडी परत मिळणं हाच पहिला चमत्कार मानावा लागला असता. आत बायका आणि मुली मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. पंखा एकच होता आणि त्याचं तोंड माईकडे होतं. माई गादीच्या खुर्चीत डोळे अर्धवट मिटून बसली होती आणि तिच्यासमोर पाण्याने भरलेलं काचेचं भांडं होतं.

“ये पोरी, पुढं ये. लाजू नकोस, इथं तुझ्यामाझ्याशिवाय कुणी नाही,” माई म्हणाली. खोलीत तेव्हा चाळीसेक जणी तरी असतील.

पोरगी पुढे सरकली. माईने एक पांढरी गोटी तिच्या ओढणीवरून, गाठ लागत होती त्या जागी, तीनदा फिरवली. मग काहीतरी पुटपुटून ती पाण्यात सोडली. सुर्रर्र! गोटी उसळली, फेसाळली, झिजत झिजत गेली आणि बघता बघता पाण्यात नाहीशी झाली. बायकांनी श्वास सोडला.

“उतरली बघ! गोटीत आली, पाण्यात गेली. आता पंधरा दिवस तिकडे हात लावायचा नाही. आपलाच हात आपल्या गाठीला खतपाणी घालतो. चाचपायचं नाही, आरशात बघायचं नाही. आणि डॉक्टरला तर मुळीच दाखवायचं नाही. परका हात लागला की गाठ चिडते, चिडली की पसरते. पंधरा दिवसांनी ये, मीच बघेन.”

पंधरा दिवसांनी माई बघायची, आणि गाठ खरोखरच गेलेली असायची! लोक उगाच वेडे होत नाहीत. एक नाही, दोन नाही, जवळच्या शिवणाच्या कारखान्यातल्या निम्म्या मुलींच्या गाठी अशा गेल्या होत्या. नवीन आलेल्या प्रत्येकीला माई कानात एकच प्रश्न विचारायची, “महिन्याची कधी?” नुकतीच होऊन गेली असेल, तर ती मान हलवायची. “आज गोटी थंड आहे. पुढच्या खेपेला, पाळीच्या तोंडावर ये. तेव्हा गोटी तापते.”

दाराशी बसलेली एक मुलगी हे सगळं बघत होती. कारखान्यात तिला ‘चौकशी’ म्हणत, कारण तिला पाणी दिलं तरी ती आधी विचारायची, “कुठलं?” ती आज स्वतःसाठी आली नव्हती. तिची थोरली बहीण पुढच्या रांगेत बसली होती आणि ही तिची तिसरी खेप होती.

ताईची गाठ काही जात नव्हती.

दोघी बहिणी त्याच, ब्रा शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होत्या. ताई कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर, चौकशी तपासणीच्या टेबलावर. तयार माल तिच्यापुढे यायचा आणि ती प्रत्येक कप आतून बोटांच्या सपाट पेरांनी फिरून बघायची. कडेपासून मध्यापर्यंत, एक इंच न सोडता. कुठे फोमचा गोळा, कुठे दोऱ्याची गाठ, कुठे टोचणारी शिवण. डोळ्यांना न दिसलेला दोष तिच्या बोटांना सापडायचा.

गंमत बघा, बत्तीस बी, चौतीस सी असं दिवसभर मोठमोठ्याने ओरडणाऱ्या या मुली स्वतःच्या अंगाविषयी बोलायची वेळ आली की गोगलगायी व्हायच्या. ‘छाती’ हा शब्द कुणाच्या तोंडून निघायचा नाही. “तिकडे दुखतंय,” “तिकडे काहीतरी लागतंय,” एवढंच. तिकडे म्हणजे कुठे, ते समजून घ्यायचं. दुसऱ्यांच्या मापाचे हजारो कप तपासणाऱ्या हातांनी स्वतःला तपासायचं मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माईने हात लावू नका म्हटलं, तर पोरींना उलट सुटल्यासारखंच वाटलं.

चौकशीही काही आकाशातून पडली नव्हती. मागच्या महिन्यात तिलाही तिकडे, म्हणजे छातीत, दोन्ही बाजूंना गाठीगाठी लागल्या होत्या आणि दुखतही होतं. तिची पाचावर धारण बसली. तिनेही माईकडे नंबर लावला. पण नेमकी मोठी ऑर्डर आली, सुपरवायझर बाईंनी सगळ्यांना ओव्हरटाइमला बसवलं आणि माईची वेळ हुकली. पुढे पाळी आली, गेली आणि एके सकाळी आंघोळ करताना तिच्या लक्षात आलं, की गाठी नाहीत.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, माईने घरबसल्या कृपा केली. चौकशीला घास गोड लागेना. गोटी नाही, मंत्र नाही, आणि गाठ गेली कशी?

जेवणाच्या सुट्टीत तिने एकेकीला विचारायला सुरुवात केली. “तू माईकडे गेलीस तेव्हा पाळी यायची होती की होऊन गेली होती?”

“असलं काय विचारतेस जेवताना!” एक जण लाल झाली.

“जेवताना नको तर मग केव्हा? मशीनवर?”

सगळ्यांचं उत्तर सारखंच निघालं. गेल्या तेव्हा पाळी तोंडावर होती, माईने पुन्हा बघितलं तेव्हा होऊन गेली होती. एवढ्यात समोर सुपरवायझर बाईंनी नेहमीप्रमाणे जेवणानंतरची पित्ताची गोळी ग्लासात टाकली. सुर्रर्र! गोळी उसळली, फेसाळली आणि नाहीशी झाली. चौकशीचा घास हातातच राहिला.

“बाई, तुमची गाठ गेली वाटतं?” ती म्हणाली.

“माझं पित्त जाईल तर देव पावला,” बाई म्हणाल्या आणि ग्लास रिकामा करून निघून गेल्या.

संध्याकाळी चौकशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरबाईंसमोर बसली. सगळं ऐकून डॉक्टरबाई आधी हसल्या. “हुशार आहे तुमची माई. पूर्वी काय करायची?”

“प्रसूतिगृहात आया होती म्हणे.”

“मग बरोबर. पाळीच्या आधी अंगातली संप्रेरकं वरखाली होतात, त्याने स्तन जड होतात, दुखतात, हाताला गाठीगाठी लागतात. पाळी झाली की बहुतेकींचं आपोआप ओसरतं. तिला हे पक्कं ठाऊक आहे. ती फक्त वेळ साधते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फरक इतकाच, की फांदी कधी मोडणार हे या कावळ्याला आधीच माहीत आहे.”

“आणि जी पाळीनंतरही जात नाही ती?”

डॉक्टरबाईंचं हसू थांबलं. “ती मला दाखवायची. लगेच. तरुण मुलींच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण साधी कुठली आणि वाईट कुठली हे गोटीला कळत नाही. त्याला सोनोग्राफी लागते, सुईची तपासणी लागते. कुणाची आहे अशी?”

“माझ्या बहिणीची. पण ती म्हणते, दुखत नाही. माई म्हणाली, दुखत नाही म्हणजे मुळं सुकली.”

“दुखत नाही म्हणूनच लवकर आण तिला.”

मग डॉक्टरबाईंनी तिला स्वतःला कसं तपासायचं ते दाखवलं. पाळी संपल्यावर थोड्या दिवसांनी, आधी आरशासमोर: आकार बदललाय का, कातडीला खळी पडलीय का, बोंड आत ओढलं गेलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतंय का. मग तीन बोटांच्या सपाट पेरांनी, लहान लहान गोल फिरवत, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि थेट काखेपर्यंत. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, आणि जागा सोडायची नाही.

“अहो, हे तर मी दिवसभर करते!” चौकशी म्हणाली. “फक्त फोमवर.”

घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि आपल्या लहान लेकीच्या पांघरुणाच्या घड्या घालत म्हणाली, “तुझ्या गाठी आपोआप गेल्या असतील. बाकीच्या सगळ्यांच्या माईनेच घालवल्या. मी या डोळ्यांनी गोटी विरघळताना पाहिलीय.” डॉक्टरचं नाव काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. तिला डॉक्टरची भीती नव्हती. डॉक्टर काय सांगेल, त्याची होती. माईने निदान तोपर्यंत वाईट काही सांगितलं नव्हतं.

तेव्हा चौकशीने ठरवलं, जिथे गोटी विरघळली तिथेच ताईचा विश्वास विरघळवायचा. तिने औषधाच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणल्या आणि दोरे कापायच्या कात्रीने त्यांच्या कडा तासल्या. दोन गोळ्यांचा भुगा झाला. तिसरी मात्र माईच्या गोटीची जुळी बहीण वाटावी अशी झाली.

पुढच्या बैठकीला ताईची चौथी खेप होती. तिचा नंबर येण्याआधीच चौकशी उठली.

“माई, आज मला गोटी सोडू दे.”

“अगं, त्याला तपश्चर्या लागते! मंत्राशिवाय गोटी विरघळत नाही.”

“मंत्र म्हणते की.” आणि कुणी हात धरायच्या आत चौकशीने डोळे मिटून, माईसारखीच मान डोलावत म्हटलं, “बत्तीस बी, चौतीस सी, छत्तीस डी, स्वाहा!” आणि गोळी पाण्यात टाकली.

सुर्रर्र! गोळी उसळली, फेसाळली, झिजली, गेली. आधी एकीला हसू फुटलं, मग सगळी खोली हसायला लागली. कारखान्यातल्या मुली तर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. छत्तीस डीमध्ये एवढी शक्ती असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“पित्ताची गोळी आहे,” चौकशी म्हणाली. “औषधाच्या दुकानात मिळते. तपश्चर्या लागत नाही.”

पण माई कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने हसू ओसरू दिलं आणि शांतपणे म्हणाली, “गोटीचं राहू द्या. गोटी हे नुसतं निमित्त. बोला गं पोरींनो, तुमच्या गाठी गेल्या की नाही?”

“गेल्या,” मुली म्हणाल्या. हसणं थांबलं. खरंच, गेल्या तर होत्याच.

“माईकडे आलात तेव्हा ज्यांची पाळी तोंडावर होती, त्यांनी हात वर करा,” चौकशी म्हणाली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चोरटे का होईना, हात वर गेले. “माईने पुन्हा बघितलं तेव्हा पाळी होऊन गेली होती?” हात वरच राहिले. “माझ्याही गेल्या. मी तर तेव्हा ओव्हरटाइमला होते, इथे आलेच नव्हते. पाळीआधी सूज येते, पाळीनंतर उतरते. माई नसती तरी उतरली असती. जी आपोआप जाणार असते, तिलाच माई घालवते. म्हणून तर ती आधी ‘महिन्याची कधी’ विचारते!”

हात हळूहळू खाली आले. माईची नजर पंख्याकडे गेली. चौकशीला वाटलं, आपण जिंकलो. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून ताईचा आवाज आला.

“मग माझी का नाही गेली?”

“तू चोरून हात लावतेस,” माई घाईने म्हणाली.

“नाही लावला. तुम्ही सांगितलं म्हणून आंघोळ करताना साबणसुद्धा तिथून फिरवला नाही. तीन महिने झाले. ती केवढी झालीय, तेही मला माहीत नाही.”

सगळ्यांच्या आपोआप जाणाऱ्या गाठी गेल्या होत्या, आणि एकच राहिली होती. चौकशीला हवं होतं ते झालं होतं, ताईचा विश्वास उडाला होता, आणि त्याच्याबरोबर ताईचा सगळा धीरही गेला होता.

तिने ताईचा हात धरला. “चल. मी आहे.”

माई मागून काहीतरी म्हणत होती, पण बायका चपला शोधायला आधीच उठल्या होत्या.

ताईची गाठ कर्करोगाची निघाली. हे गोड करून सांगता येत नाही आणि सांगूही नये. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तीन महिन्यांपूर्वी आला असतात तर आणखी सोपं झालं असतं. पण अजून काखेत पोचलेली नाही. आपल्या हातात आहे.” शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले. ताई रडली, चिडली, लेकीला जवळ घेऊन बसून राहिली. चौकशी तिच्या शेजारी बसायची आणि एकही प्रश्न विचारायची नाही.

माईने खोली सोडली. दुसऱ्या कुठल्या गल्लीत दुसरं भांडं मांडून बसली असेल, तर नवल नाही. असल्या दुकानांना गिऱ्हाईक आपली भीती पुरवते, आणि ‘तिकडे’ म्हणण्याची आपली सवय पुरवते.

ताई डोक्याला रुमाल बांधून कामावर परतली, त्या दिवशी सुपरवायझर बाईंनी मशीनं बंद करून सगळ्यांना गोळा केलं. मुली खाली बघत उभ्या होत्या. शेवटी एकीने विचारलं, “ताई, फार दुखत होती का गं गाठ?”

“अजिबात नाही. दुखली असती तर मी धावत गेले असते.” ताईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “गोटीने माझं काही बिघडवलं नाही, पोरींनो. ती पाण्यात विरली, संपली. माझं नुकसान केलं त्या एका वाक्याने, ‘हात लावू नकोस.’ मी ते ऐकलं. अंग माझं, हात माझा, आणि मधे परवानगी तिची! तुम्ही महिन्यातून एकदा तपासा. बदल वाटला, गाठ राहिली, तर कुणालाही न विचारता दवाखान्यात जा. घाबरत जा हवं तर. मीही घाबरतच गेले.”

मग ती हसली.

“आणि ‘तिकडे’ म्हणू नका. डॉक्टरला कळत नाही. छाती म्हणा.”

मग मागच्या रांगेतली सगळ्यात लाजरी मुलगी, जिने आजवर मशीनच्या आवाजात ऐकू येईल एवढंही कधी तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, “ताई, माझ्या छातीत एक गाठ आहे. पाळी होऊन गेली तरी आहे.”

“कुठे?” ताई म्हणाली आणि तिने रुमाल नीट करून पर्स उचलली. “चल, आत्ताच जाऊ.”