दोन बोटांचं अंतर

मी ओळंबा बोलतोय. पितळेचा गोळा आणि वर दोरी, एवढाच माझा देह. लेथवर मला घडवणाऱ्या कारागिराकडून मिस्त्रींनी मला घेतलं, तेव्हा ते नुकतेच गवंडीकामाला लागले होते.

भिंत सरळ आहे की कललेली, एवढंच मला सांगता येतं. ती कुणाची आहे, ते मला कळत नाही. मिस्त्रींना कळायचं, तरी ते माझंच ऐकायचे. स्वतःचं घर बांधताना स्वयंपाकघराची भिंत कलली, तर छातीएवढी उभी राहिलेली भिंत त्यांनी पाडली. बायको चिडली, "अहो, आपलंच तर घर! कोण बघायला येतंय?"

"हा बघतोय ना," मिस्त्री मला उचलून म्हणाले.

भिंतीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणात मिस्त्रींना बोलावलं, तर माप होईपर्यंत ते कुणाकडच्याच चहाला हात लावत नसत.

मग त्यांच्या जावयानं शाळेच्या आवाराची भिंत बांधली. मुख्याध्यापिकाबाईंना शंका आली. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "जावई तुमचे असले, तरी तुम्ही ठीक म्हणालात की मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करते." आदल्याच दिवशी लेक येऊन रडून गेली होती, "बाबा, यांचं हे काम गेलं, तर आम्ही उघड्यावर येऊ."

मिस्त्रींनी मला भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडलं. पायथ्याशी मी भिंतीपासून चांगला दोन बोटं लांब राहिलो. ते बराच वेळ बघत होते.

"वाऱ्यानं हलतोय," ते म्हणाले. "भिंत ठीक आहे."

मी केव्हाच स्थिर झालो होतो.

तिसऱ्या महिन्यात भिंत कोसळली. तिच्या सावलीत डबा खायला बसलेली शाळेची सफाईवाली मावशी खाली सापडली, ती उठलीच नाही. मिस्त्री मला मुठीत धरून तसेच अनवाणी शाळेत धावले. "बाई, मी खोटं बोललो. सगळ्यांसमोर सांगतो."

बाईंनी आधी दार लावून घेतलं. "कागदावर सही माझी आहे, मिस्त्री. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत माझी. गप्प बसा."

लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल. ते गप्प बसले. नवी भिंतही जावयानंच बांधली.

आता मी मिस्त्रींच्या खाटेखाली, पत्र्याच्या पेटीत पडून आहे. पितळ काळं पडलंय. लोक अजूनही येतात, "तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस नाही," म्हणतात. मिस्त्री कूस बदलतात. "ओळंबा हरवला," एवढंच सांगतात.

मी निःस्वार्थी आहे, पण त्यात माझं कौतुक काय? मला ना लेक, ना पोट. मिस्त्रींना दोन्ही होतं, तरी त्यांनी तीस वर्षं माझं खरं ऐकलं. एकदाच ऐकलं नाही.

कुणी ही पेटी उघडलीच, तर मला आधी शाळेत न्या. नव्या भिंतीला अजून कुणीच ओळंबा लावलेला नाही.