गोग्रासाचा पुठ्ठा

चांदीनं गोग्रासावरून तोंड फिरवलं, तेव्हा आनंदाबाईंना आधी वाटलं, आपल्याच हाताला काही वास लागला असेल. त्यांनी हात पदराला पुसला आणि भाकरीचा तुकडा पुन्हा पुढे धरला. गाईनं हुंगलंसुद्धा नाही. पाठीला पोक काढून, पुढचे पाय फाकवून ती उभी होती आणि श्वास सोडताना मधूनच कण्हत होती.

चांदी शेजारच्या रुख्माबाईंची. पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची, आणि गाभण. रुख्माबाईंच्या घरात कमावतं कोणी नव्हतं. त्यांची चूल त्या गाईच्या दुधावर पेटायची. आणि आनंदाबाईंचा नेम त्या गाईच्या मुखावर चालायचा. चांदीच्या तोंडात घास गेल्यावाचून आपल्या तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, हे त्यांनी धनी गेले त्या साली देवापुढं बोलून ठेवलेलं. नाचणगावात त्यांच्या नेमाला मोठा मान होता. आवाज मात्र इतका हळू की रुख्माबाई म्हणत, "तुहं गाऱ्हानं आयकाले देवाले खाली वाकावं लागत असंन वं!"

पोटासाठी आनंदाबाई पुठ्ठे निवडत. पुलगावच्या एका मिठाईच्या दुकानातून रिकाम्या डब्यांची, खोक्यांची पोती यायची. ते डबे उकलायचे, सपाट करायचे आणि कोरडे, स्वच्छ पुठ्ठे गठ्ठ्यात बांधायचे. ते गठ्ठे वर्ध्याकडे हातकागदाच्या एका कारखान्यात जात. तिथं त्यांना भिजवून, कुटून, लगदा करून नवा कागद निघायचा. तुपातला पुठ्ठा मात्र कारखाना घेत नसे. लगद्यात तूप उतरलं की कागदावर डाग पडतात, म्हणे, आणि डागावर शाई धरत नाही. मग पेढ्याचा चुरा चिकटलेले, तुपानं काचेसारखे झालेले तळ मागं उरायचे.

दुसरी कोणी असती तर तिनं ते चुलीत घातले असते. भुर्रकन पेटतात. पण आनंदाबाईंचा हात होईना. अन्न लागलेली वस्तू. ती जाळू नये, पायदळी येऊ देऊ नये. पुठ्ठा तरी काय, गवताचाच की. म्हणून भाकरीच्या मागून त्या पुठ्ठ्याचे तुकडे फाडून गाईपुढं धरायच्या. चांदी डोळे मिटून चघळायची. कोणाला नको ते गाईच्या मुखी लागलं, याचं आनंदाबाईंना केवढं समाधान वाटायचं!

चांदीला काय झालं म्हणून रुख्माबाईंचे दीर नत्थूजी आले. हिंग, ओवा, तेल पाजून झालं. "अपचन हाय. नाई उतरलं तं सळई तापवून डाग देऊन टाकू," ते म्हणाले. गाईनं दिवसभरात रवंथ केला नाही. रात्र तशीच गेली. आनंदाबाईंच्या पोटातही काही गेलं नाही.

सकाळी काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून त्या पुठ्ठ्यांपाशी बसल्या. पक्कड घ्यायला हात घातला तो शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर आपटला, आणि डबा खळखळला.

त्यात तारेच्या पिना होत्या. पूर्वी मिठाईचे डबे खळीनं चिकटवलेले असत. दिवाळीपासून दुकानात तारेनं टाचायचं यंत्र आलं. मागोमाग कारखान्याचा निरोप आला, की पिना उपटूनच पुठ्ठे द्या, आमच्या यंत्राचे दात मोडतात. तेव्हापासून विकायच्या प्रत्येक पुठ्ठ्याच्या पिना आनंदाबाईंनी निगुतीनं काढल्या होत्या. तुपाच्या पुठ्ठ्यांच्या काढल्या नव्हत्या. ते कोणी विकत घेतच नव्हतं. ते गाईचे होते.

यंत्राच्या दातांची काळजी घेतली. गाईच्या पोटाची?

तशाच उठून त्या रुख्माबाईंच्या अंगणात आल्या. तिथं निरोपावरून आलेले पुलगावचे जनावरांचे डॉक्टर सायकल टेकवून गाईला तपासत होते. त्यांनी एक जाड काठी गाईच्या छातीखाली आडवी धरली. एका टोकाला नत्थूजी, दुसऱ्या टोकाला स्वतः. दोघांनी ती वर उचलली तशी चांदी अशी कण्हली की रुख्माबाईंनी कानांवर हात ठेवले.

"पोटात लोखंड आहे," डॉक्टर म्हणाले. "खिळा, तार, काहीतरी. ते काळजाकडे सरकतं. गळ्याखालच्या पोळीला अजून सूज नाही. ती आली की मग माझ्या हातात काही नाही. आजच पोट उघडून काढू द्या."

"गाभन गाईचं पोट फाडू देऊ?" रुख्माबाई कडाडल्या. "अन् लोखंड येईन कुठून? मही गाय उकिरड्यात तोंड घालत नाई!"

"मी दिलं," आनंदाबाई म्हणाल्या.

"काय म्हनते?"

"मी दिलं, माय. तुपाच्या पुठ्ठ्यातून. पिना होत्या त्याच्यात."

रुख्माबाईंनी डोळे पुसले. "पाहा! दुसऱ्याचं पाप आपल्या आंगावर घ्याची हिची खोडच हाय."

"तं काय," नत्थूजी म्हणाले. "उद्या पानी नाई पडलं तं म्हनशीन, मीच अडवून ठेवलं."

आनंदाबाई घरी गेल्या, एक तुपकट डबा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर फाडला. कोपऱ्यातली तार वर आली. नत्थूजींनी ती बोटानं चाचपली. "येवढी टोचते. गाईले तोंडात समजत नाई का?"

"गाय आधी गिळते, नत्थूजी. चावायला मागून बसते," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, तुमी नवे हा," रुख्माबाई म्हणाल्या. "हिच्या हातचा घास गाईच्या पोटात गेल्याबिगर ही तोंडात पानी घेत नाई. तिच्या हातचा परसाद अन् त्यानं मही गाय मरंन? मंग देवच खोटा म्हना!"

डॉक्टरांनी एकदा गाईकडे, एकदा रुख्माबाईंकडे पाहिलं. मालकिणीनं हो म्हटल्याशिवाय त्यांना सुरी लावता येत नव्हती. त्यांनी पेटी सायकलच्या मागं ठेवली आणि दोरी आवळायला लागले. आनंदाबाईंची नजर त्या दोरीच्या गाठीवर खिळली. ही गाठ बसली की संपलं. आयुष्यभर हळू बोलल्याचं, नेम पाळल्याचं हे फळ! आपल्या पुण्याईची भिंत झाली होती, आणि भिंतीपलीकडं गाय मरत होती.

तेवढ्यात रुख्माबाईंनी घरातून भाकरीचा चतकोर आणला आणि त्यांच्या हातात कोंबला. "तूच भरव. काल तुहं मन थाऱ्यावर नव्हतं. आज नाव घेऊन दे. तुह्या हातचं खाईन ते."

आनंदाबाई भाकरी घेऊन गाईजवळ गेल्या. चांदीचे डोळे खोल गेले होते. एकदा त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. मग सगळ्यांकडे वळल्या आणि ती भाकरी स्वतःच्या तोंडात घातली.

त्यांनी घास चावला, गिळला, आणि दुसरा तोडून तोंडात घातला.

"हे काय केलं वं!" रुख्माबाई पुढं धावल्या.

"मोडला नेम!" आनंदाबाई ओरडल्या. गल्लीतली माणसं दारात आली. हा आवाज कोणाचा, ते कोणाला ओळखू येईना. "देव खोटा नाई, माय. मी आंधळी! तार चारली मी तिले, रोज, मह्या या हातानं! मह्या हातात परसाद नाई, तार हाय! पाया पडते तुह्या, फाडू दे तिचं पोट!"

रुख्माबाई मटकन खाली बसल्या. आनंदाबाईंच्या तोंडाकडे, ओठाला लागलेल्या भाकरीच्या कणाकडे त्यांनी पाहिलं. मग डॉक्टरांकडे न बघताच त्यांनी हात हलवला.

"फाडा."

डॉक्टरांनी दोरी सोडली. निंबाखाली गाईला उभी बांधली, सुईनं डावी कूस बधिर केली. आनंदाबाईंनी वेसण धरली होती. डोळे मिटायचे नाहीत, असं त्यांनी मनाला बजावलं. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि पुठ्ठ्याचा पिवळा लगदा घेऊन बाहेर आला. कारखान्यात करतात तसाच लगदा. पुन्हा गेला, पुन्हा आला. लगद्यात पिना. पितळीत टाकल्या की वाजायच्या. शेवटी डॉक्टर थांबले, डोळे मिटून आत चाचपत राहिले.

"एक रुतलीय," ते म्हणाले.

ती निघाली तेव्हा सरळ झालेली होती, सुईसारखी, आणि टोकाला रक्त होतं.

"किती खोल गेली होती, ते आता सांगता येणार नाही. पोळीवर हात ठेवून बघत राहा. उद्यापर्यंत सूज आली नाही तर..." पुढचं न बोलता ते टाके घालायला लागले.

रुख्माबाई गाईपाशीच बसून राहिल्या. आनंदाबाई आपल्या घरी आल्या. तुपाच्या पुठ्ठ्यांचा ढीग कोपऱ्यात तसाच होता. पक्कड घेऊन त्या बसल्या आणि एकेका तळाची पीन उपटू लागल्या. कारखाना घेणार नव्हता, गाईला द्यायचं नव्हतं. पिना निघाल्या की शेणाच्या खड्ड्यात पुरायचे, मातीला तुपाचा विटाळ नसतो. देवापुढं दिवा लावायला उठायचं त्यांच्या जिवावर आलं. कोणत्या तोंडानं उठायचं?

दिवेलागणीला दारात रुख्माबाई उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"चाल. पोळी सुजली का नाई, मले समजून नाई राह्यलं. मह्या हाताले भास होते."

आनंदाबाई गेल्या. चांदी मान खाली घालून उभी होती. गळ्याखालच्या पोळीला त्यांनी हात लावला. मऊ होती. आज तरी मऊ होती. तशाच त्या हात लावून राहिल्या, काढायची भीती वाटली.

गाईनं मान वळवली. त्यांची बोटं हुंगली. दिवसभर पुठ्ठे हाताळून तुपानं माखलेली बोटं. आणि खरखरीत जीभ काढून ती चाटली.

आनंदाबाईंनी हात झटकन मागं घेतला, पदराखाली लपवला. त्यांना रडू आवरेना.

रुख्माबाईंनी त्यांचं मनगट धरून हात पदराबाहेर काढला. पालथा केला, उताणा केला, बोट न् बोट चाचपून पाहिलं. मग तो गाईच्या तोंडाशी नेला.

"चाटू दे," त्या म्हणाल्या. "पिना नाईत."