मधला वाफा

मिरचीच्या रोपांवर चिमूट पालथी पडली तेव्हा तिची आई हातभर अंतरावर बसून कोबीचं बी टाकत होती. तिने मान वळवून पाहिलं. पोरीचं तोंड ट्रेमध्ये, हात दोन्हीकडे फाकलेले, एक चप्पल मागे वाटेवर. पोर रडत नव्हती. पडल्यावर रडायची तिची सवय केव्हाच मोडली होती.

"झोपवली! आख्खी रांग झोपवली!" शेडच्या दारातून तिचे आजोबा, आप्पा, ओरडत आले. "परवा टोमॅटो, आज मिरची. गिऱ्हाइकाला काय पालापाचोळा देऊ?"

"वाट केवढीशी आहे आप्पा," सून म्हणाली.

"केवढीशी म्हणजे? तू चालतेस, मी चालतो. तुझी सासू एवढे मोठे पाय घेऊन चालते. कुत्रंसुद्धा नीट चालतं इथून."

"माझ्या पायांवर कशाला घसरता?" माती कालवत बसलेली म्हातारी म्हणाली. "पोर पडलीय, ती उचला आधी."

आप्पांनी नातीला काखेत धरून उभं केलं, तिच्या तोंडावरचा ट्रेमधला भुसा आपल्या धोतराच्या टोकाने पुसला आणि मग मोडलेल्या रोपांकडे बघत पुन्हा शिव्या द्यायला लागले. त्यांचं असंच असे. हात एक करत आणि तोंड दुसरंच.

माझं शेत त्यांच्या शेजारी. शेडची जाळी हिरवी आणि पातळ, त्यामुळे बांधावर बसलं की आतलं दिसे आणि ऐकूही येई. त्यांची रोपवाटिका होती. लोक बी देत, हे लोक महिनाभर वाढवून रोपं परत देत. शेडमध्ये तीन लांब वाफे, वाफ्यांवर ट्रे, ट्रेला खळगे, प्रत्येक खळग्यात एक बी. वाफ्यांमध्ये जी वाट सोडलेली, तिच्यात एका वेळी एकच पाऊल मावे. जागा म्हणजे रोप, असा हिशेब. अंगणातही ट्रे, पोती आणि सुनेच्या नवऱ्याचा टेंपो. घर दोन खोल्यांचं. पलीकडे रस्ता, आणि मागच्या बाजूला पाण्याचं तळं, त्याला आतून काळा गुळगुळीत प्लास्टिकचा कागद. त्यात एकदा एक वासरू पडलं होतं. कडेला येई, पाय रोवी आणि घसरून परत आत जाई. ते सगळ्यांनी पाहिलेलं.

म्हणून पोर बसती झाल्यापासून तिला भाजीच्या क्रेटमध्ये ठेवत. आप्पांनीच त्यात पोतं अंथरलं, कडेला चिंध्या गुंडाळल्या. आई जिथे बी टाकत असेल तिथे क्रेट सरकवायचा. पोर आत बसे, जाळीतून बोटं बाहेर काढे, गप्प राही. येणारे जाणारे म्हणत, काय गुणी पोर आहे. रांगायच्या वयात ती क्रेटमध्ये होती, धरून उभं राहायच्या वयातही तिथेच. चालायला लागली ती फार उशिरा, आणि चालली तीही कुणीतरी मागून ढकलल्यासारखी.

आता पाच वर्षांची झाली होती. बटण लावता येत नव्हतं. पेला धरला की निम्मा अंगावर. दारातून आत येताना चौकट खांद्याला लागायचीच. बोलायला मात्र पटाईत. शाळेतल्या बाईंनी आठवडाभर पाहिलं आणि आईला बोलावून घेतलं.

"हुशार आहे हो," बाई म्हणाल्या. "पण रांगेत दोघा-तिघांना घेऊन पडते. जिन्यावर मला धडकी भरते. मोठ्या दवाखान्यात दाखवा. ते काय म्हणतात ते बघू, मग बसवू वर्गात."

"म्हणजे या वर्षी नाही?"

"मी नाही म्हटलेलं नाही. दाखवून तर या."

दवाखान्यात एक तरुण ताई होती, मुलांचे व्यायाम घेणारी. तिने चिमूटला रेषेवरून चालवलं, चेंडू टाकला, एका पायावर उभं केलं. चेंडू छातीला लागून खाली पडल्यावर चिमूटने टाळ्या वाजवल्या. मग ताईने आईला विचारायला सुरुवात केली. पोर वेळेवर झाली का? नाही, फार आधी झाली. वजन? चिमूटभर होती, म्हणून तर हे नाव पडलं. जन्मल्यावर? काचेच्या पेटीत होती, मला काचेवर हात ठेवू देत. रांगली कधी? इथे आई थांबली.

"रांगली नाही," ती म्हणाली. "क्रेटमध्ये होती."

ताईने मान वर केली, पण चेहरा बदलला नाही. चांगली असावी ती.

"माझ्यामुळे झालं का?" आईने विचारलं. पाण्याचा पंप बंद आहे का, असं विचारावं तसं.

"एक कारण नसतं ओ. लवकर जन्मलेल्या, कमी वजनाच्या मुलांत हे जास्त दिसतं. काहींची घडणच तशी, घरात आणखी कुणाची तशी असते. आणि हातपाय वापरायला कमी मिळाले, तर असलेली अडचण वाढते."

"कशामुळे किती?"

"ते नाही सांगता येणार. कुणालाच नाही." मग तिला बहुधा वाटलं की काहीतरी धीराचं बोलावं. "तुम्ही तर रोपंवाले. तुम्हाला माहीत आहे, रोप सावलीतून बाहेर काढल्याशिवाय—"

"रोपं आम्ही महिनाभरात देऊन टाकतो, ताई," आई म्हणाली.

ताईने ते वाक्य सोडून दिलं. नंतर तिने साधं सांगितलं. पोरीला रोज मोकळी, सपाट जागा हवी. लोळू दे, चढू दे, धावू दे, चेंडू फेकू दे. पडली तर उचलायचं नाही, तिचं तिला उठू द्यायचं. सुधारेल, पण सावकाश, आणि किती ते आत्ताच विचारू नका.

दुपारी जेवताना घरात यावरून जे बोलणं झालं ते मला सुनेने नंतर बांधावर उभं राहून सांगितलं. सांगताना ती हसली नाही, रडली नाही. जणू दुसऱ्याच घरातलं होतं.

म्हातारी म्हणाली, "मी तेव्हाच बजावलं होतं. सातव्या महिन्यात ही शिडीवर चढून जाळी बांधत होती. पोर तिथेच हलली."

"शिडी तुम्हीच धरली होती, आत्याबाई," सून म्हणाली.

"धरली होती म्हणूनच सांगते ना!"

नवरा ताटात बघत म्हणाला, "माझ्यावर गेली असेल. मला मिसरूड फुटेपर्यंत सायकल आली नाही. आप्पा मला हातात दुधाचं भांडं द्यायचेच नाहीत."

"देणार कसं?" आप्पा म्हणाले. "भांडं तू आणायचास, दूध रस्त्यावर." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "क्रेटचं काय म्हणाली ती?"

सून भाकरी वाढत राहिली.

"क्रेट नसता तर आज पोर नसती," आप्पा म्हणाले. "तळ्यात असती. सांगितलंस का तिला?"

"सांगितलं."

"मग?"

"ती म्हणाली, तुमचंही बरोबर आहे."

आप्पांनी घास खाली ठेवला. सून मला म्हणाली, त्या वेळी कुणीतरी तिला सरळ म्हणायला हवं होतं की तुझ्यामुळे झालं. म्हणजे ते कुठे ठेवायचं ते तरी कळलं असतं. आता ते चौघांत वाटलं गेलं होतं आणि कुणाच्याच वाट्याला धड आलं नव्हतं.  मी विड्यासारखं काहीतरी चघळत उभा राहिलो असेन, नाहीतर पिकाकडे बघत.

त्याच दुपारी जेवणं उरकल्यावर सुनेने जागा मागितली. मधला वाफा मोकळा करून द्या म्हणाली.

"भर हंगामात?" आप्पा म्हणाले. "मधला वाफा? वरून पाण्याचा फवारा तिथेच नीट पडतो. लोकांचं बी घेऊन बसलोय मी. ट्रे काय डोक्यावर ठेवू? हंगाम सरू दे, मग आख्खी शेड देतो, घोडागाडी पळव म्हणावं."

"हंगाम सरला की दुसरा लागतो."

"मग अंगणात खेळव."

"अंगणात टेंपो आहे. मागे तळं आहे."

"मग मी काय करू?" आप्पा ओरडले. "जमीन ताणू?"

सून उठली आणि भांडी घेऊन बाहेर गेली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पंप बघायला गेले आणि म्हातारी दळण घेऊन. मी बांधावर होतो. सून एक-एक ट्रे उचलून घरात नेत होती. घाई नव्हती. दोन्ही हातांवर ट्रे, पाऊल वाटेत नेमकं, रोपाला धक्का नाही. वांगी, कोबी, पुन्हा वांगी. उन्हं तापली तसा तिचा पदर घामाने पाठीला चिकटला, पण ती थांबली नाही. चिमूट दारात बसून कोबीला येण्याजाण्याची परवानगी देत होती. "हा कोबी जा. हा कोबी थांब. तू जा."

आप्पा परत आले ते थेट घरात पाणी प्यायला गेले. आतून आवाज आला.

"माझ्या खाटेवर वांगी कुणी ठेवली?"

सून दारात गेली, तिच्यामागे मीही. आप्पा घरभर फिरत होते. ट्रंकेवर ट्रे, खिडकीत ट्रे, चुलीच्या ओट्यावर ट्रे, देवापुढेही दोन. पाय ठेवायला जागा म्हणजे मधली एक वाट, पाऊलभर रुंद.

"तुम्ही म्हणालात जागा नाही," सून म्हणाली. "केली."

"अगं, घरात ऊन नाही! रोपं लांबतील, पिवळी पडतील!"

"आळीपाळीने बाहेर ठेवीन. सकाळी ही, दुपारी ती. उचलायचं काम माझं."

"आणि मी झोपायचं कुठे?"

"शेडमध्ये झोपा. तिथे मोकळं आहे."

आप्पांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सगळं गाव गोळा होणार. पण त्यांनी त्या वाटेवरून बाहेर यायला पाऊल टाकलं, त्यांचा गुडघा खाटेच्या पायाला लागला, तोल गेला आणि कोबीचा एक ट्रे जमिनीवर उपडा झाला. त्यांनी खाली सांडलेल्या रोपांकडे बघितलं. मग वाकून एक-एक रोप उचलून खळग्यात बसवायला लागले.  

मधला वाफा झाडून, पाणी शिंपडून, दाबून सपाट केला. चिमूटला त्यावर सोडलं. ती चालली आणि पडली, उठली आणि पडली. आप्पा कडेला बादली पालथी घालून बसले. दर वेळी त्यांचे हात गुडघ्यावरून उचलले जात आणि परत खाली येत. सून पाठमोरी बसून बी टाकत होती. पडल्याचा आवाज झाला की तिचं बोट खळग्यावर थांबे, मग पुढे सरके.

दोन-चार दिवसांनी कोबीचं गिऱ्हाईक आलं. बोलघेवडा माणूस, आल्या आल्या शेडभर फिरला.

"आप्पा, माझी रोपं?"

"घरात. खाटेवर."

"खाटेवर? लाडात आलीत की! आणि हा वाफा रिकामा? माझा पुतण्या बी घेऊन दारोदार फिरतोय, जागा नाही म्हणतात सगळे. त्याचं घेतलं असतंत."

"रिकामा कुठंय?" आप्पा म्हणाले.

तेवढ्यात चिमूट वाफ्याच्या टोकाला पडली. या वेळी जोरात, हनुवटीवर. माणूस धावला.

"हात लावू नका," आप्पा म्हणाले.

"अहो, लागलं असेल तिला!"

"लागलं असेल. उठते ती."

माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहिला. आप्पा बादलीवर. सुनेच्या बोटांत बी. चिमूट बराच वेळ तशीच होती, गाल मातीला टेकून. मग तिने एक गुडघा आत घेतला, दुसरा घेतला, ढुंगण वर केलं, हात सोडले आणि उभी राहिली. हनुवटीला माती आणि थोडं रक्त. दोन पावलं टाकली आणि पुन्हा बसकण मारली.

"हं," आप्पा म्हणाले, आणि त्या माणसाची रोपं आणायला घरात गेले.

सून मला नंतर सांगत होती, पोर उठली तेव्हा आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं. आनंद म्हणा, रडू म्हणा. ती थोडा वेळ वाट पाहत बसली. काही आलं नाही. मग तिने बोटांतलं बी खळग्यात सोडलं, वर माती लोटली आणि पुढचा ट्रे ओढला.