न उठता जेवायचा बेत

धाकट्याने रविवारच्या दुपारी फॉन्ड्यूचा बेत आखला, त्यामागे चीजची आवड कमी आणि खुर्चीची ओढ जास्त होती.

गेल्या सहा वर्षांत या घरातले सगळे मोठे निर्णय धाकटा स्वयंपाकघरात असताना झाले होते. बाबा गेल्यावर आईने कुणाकडे राहायचं, हे तो चहा गाळून बाहेर येईपर्यंत ठरलं होतं. हातातला ट्रे तसाच धरून त्याने विचारलं, "काय ठरलं?" आणि ताई म्हणाली, "आई तुझ्याकडे. तू एकटाच आहेस, तुलाही सोबत होईल." आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा कुणी काढायची, हे तो कांदा परतत असताना ठरलं. बाबांची गाडी ठेवायची की विकायची, हे तर तो नुसता बर्फ आणायला गेला तेवढ्यात ठरून गेलं. वय वर्षं सेहेचाळीस, डोक्यावरचे केस मोजण्याइतके, पण घरात अजून शेंडेफळ. दादा आणि ताई यायचे, ऐसपैस बसायचे आणि हा आतबाहेर करत राहायचा. चिडायचा, नाही असं नाही. पण चिडायचाही आतच, नळ सोडून.

या वेळी मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. धाकटा दातांच्या कवळ्या करायचा. वीस वर्षं प्लास्टर आणि मेण यांत हात घालून तो इतका तरबेज झाला होता, की दूरच्या शहरातल्या एका दंतमहाविद्यालयाने त्याला वर्षभरासाठी बोलावलं होतं, मुलांना हे काम शिकवायला. पत्र आलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं आणि कपाटात स्वेटरांच्या घडीखाली ठेवलं. सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. जायचं तर आईला वर्षभर दादाने नेलं पाहिजे, नाहीतर ताईने. हे विचारायला टेबलापाशी बसायला हवं. आणि बसू कोण देतंय?

अशात एका डॉक्टरांकडे कवळी पोचवायला गेला असताना तिथल्या जुन्या मासिकात त्याला फॉन्ड्यू सापडलं. टेबलाच्या मधोमध भांडं, खाली छोटी ज्योत, भांड्यात वितळलेलं चीज, आणि सगळ्यांनी गोल बसून लांब काट्यांनी ब्रेडचे तुकडे त्यात बुडवून खायचे. पण धाकट्याचं लक्ष खालच्या ओळीवर खिळलं. 'यात यजमानही पाहुण्यांसोबतच जेवायला बसतो.' एवढं एक वाक्य वाचून त्याने त्याच संध्याकाळी भांडं विकत आणलं.

कृतीत व्हाइट वाइन होती. ताईला फोनवर कुठून तरी तिचा वास लागला.

"दारू घालणार असशील तर मी येत नाही."

"अगं, ती उकळून उडून जाते."

"उडूनच जाते तर घालतोस कशाला?"

ताई मुख्याध्यापिका होती. तिच्या प्रश्नाला उत्तर असलं तरी ते वेळेवर सुचत नाही. धाकट्याने वाइनऐवजी दूध घालायचं ठरवलं. पदार्थ वितळवण्यातलं आपल्याला कोण शिकवणार, असा त्याचा थोडा तोराही होता. मेण काय, चीज काय.

रविवारी सकाळपासून तो टेबल मांडत होता. एकदा बसलं की उठायचं नाही, ही प्रतिज्ञा. ब्रेडचे तुकडे, उकडलेले बटाटे, सफरचंदाच्या फोडी, मीठ, मिरपूड, पेपर नॅपकिन हे सगळं टेबलावर. खुर्चीखाली साध्या पाण्याचा जग, गार पाण्याची बाटली, गरम पाण्याचा थर्मास, आईच्या गोळ्यांचा डबा, स्पिरिटची जास्तीची बाटली, काडेपेटी, दोन जादा चमचे आणि एक फडकं.

आई दारात उभी राहून हा सगळा संसार बघत होती. "लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं काय मांडलंयस रे?"

धाकट्याच्या हातातून एक काटा पडला. "काही नाही गं. सोय म्हणून."

साडेबाराचं आमंत्रण होतं. बरोबर साडेबाराला चीज वितळून रेशमासारखं झालं. लसणीचा वास घरभर सुटला. आणि दादाचा फोन आला, की निघतोच आहोत. हे 'निघतोच' म्हणजे दादा अजून दाढी करतोय, हे धाकट्याला पुरतं माहीत होतं. चीज थिजलं. त्याने ते पुन्हा वितळवलं. मेण दहा वेळा वितळवलं तरी तक्रार करत नाही, या हिशेबाने. सव्वा वाजता बेल वाजली तेव्हा ते दुसऱ्यांदा थिजून तिसऱ्यांदा गॅसवर चढलं होतं.

दादा आला तो थेट टेबलाशी. "हे काय, प्रयोगशाळा घरी आणलीस?"

"बस दादा. सगळे बसा. मीसुद्धा बसतोय." शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्यानेच म्हटलं.

भांडं ज्योतीवर ठेवून धाकटा खरोखर बसला. दादा, वहिनी, ताई, आई आणि तो. पाचही जण एका टेबलाला. मोठा चमचा हातात घेऊन तो इंग्रजी आठचा आकडा काढत चीज ढवळू लागला. मासिकात तसंच लिहिलं होतं.

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"आधी मला साधं पाणी दे," ताई म्हणाली. "गार नको."

खुर्चीखालून जग निघाला. ताईला जरा आश्चर्य वाटलं.

"तर मी काय म्हणत होतो, मला..."

"भावोजी, मला आपलं वेगळं वाढून द्याल का?" वहिनी म्हणाली. "सगळ्यांचे काटे एका भांड्यात, मला नाही बाई जमत."

खुर्चीखालून चमचा निघाला. वाटी निघाली नाही, म्हणून धाकट्याने स्वतःची पुढे केली.

"माझी जेवणाआधीची गोळी?" आई म्हणाली.

गोळ्यांचा डबा निघाला, पाठोपाठ थर्मासही. आता धाकट्याला आतून गुदगुल्या होऊ लागल्या. या क्षणी कुणी शिडी मागितली असती तरी त्याने खाली हात घातला असता. त्याने घसा खाकरला.

"मला एक पत्र..."

"ही ज्योत फारच बारीक आहे बुवा," असं म्हणत दादाने हात लांब करून ती पार मोठी केली.

"दादा, नको!"

व्हायचं ते झालंच. आधीच दोनदा थिजलेलं, वाइनऐवजी दुधात शिजलेलं बिचारं चीज खालून उकळलं आणि बघता बघता फाटलं. पिवळट पाणी एकीकडे, रबरासारखा गोळा दुसरीकडे. ताईने ब्रेडचा तुकडा बुडवून काटा वर उचलला, तर त्याला चिकटून गोळाच्या गोळा बाहेर आला. तिने तो सगळ्यांना दिसेल असा धरून ठेवला. नापास झालेला पेपर ती असाच धरत असणार.

"हे असंच असतं का?" वहिनीने विचारलं.

"माझ्या कवळीला बरं काम काढलंस," आई म्हणाली. ती कवळीही धाकट्यानेच केलेली होती.

धाकट्याच्या कानशिलांपर्यंत राग चढला. दादावर, दुधावर, मासिकावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. फाटलेलं चीज लिंबाने सावरतं, हे त्याने वाचलं होतं. लिंबू खुर्चीखाली नव्हतं. जगातल्या सगळ्या वस्तू खुर्चीखाली होत्या आणि लिंबू फ्रिजमध्ये होतं.

तो उठला. "एक मिनिट. कुणी काही..." पण पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही, आणि तो आत पळाला.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात लिंबू नव्हतं. दारात नव्हतं. भाज्यांखाली नव्हतं. बाहेरून ताईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग दादाचा हुंकार आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. धाकटा त्या आवाजांना आता चांगला ओळखत होता. तो अक्षरशः फ्रिजमध्ये डोकं घालून उचकापाचक करू लागला. शेवटी अंड्यांच्या मागे एक अर्धं, वाळत चाललेलं लिंबू सापडलं. ते मुठीत धरून तो धावत बाहेर आला.

ताई नॅपकिनला हात पुसत होती. तिच्या चेहऱ्यावर काम आटोपल्याची प्रसन्नता होती.

"बरं झालं आलास. आम्ही बोलत होतो. माझ्या मुलीला दिवस गेलेत, मी सहा महिने तरी तिच्याकडे असेन. दादाकडे वहिनीच्या आई येतायत कायमच्या. तेव्हा आई आहे तशी तुझ्याकडेच बरी. ठरलं आमचं."

"तसंही तुला कुठे जायचंय!" दादा म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, त्यामुळे ते जास्त लागलं.

धाकट्याने लिंबू पिळलं, ज्योत बारीक केली आणि ढवळू लागला. हाताला गोळ्याचा विरोध जाणवत होता. हळूहळू तो सैल झाला, पाणी आत ओढलं गेलं, आणि पाच मिनिटांत चीज पुन्हा एकसंध झालं. कोणाच्याही तोंडून वाहवा निघाली नाही. वीस वर्षांत त्याच्या कवळीचंही कुणी कौतुक केलं नव्हतं. नीट बसली की माणसं ती विसरूनच जातात.

त्याने मोठा चमचा दादाच्या हातात दिला.

"ढवळत राहा. इंग्रजी आठ. थांबलास की गोळा होईल."

दादा गोंधळून ढवळू लागला. धाकटा बसला, पाठ टेकून बसला, आणि पत्रातली प्रत्येक गोष्ट सांगितली. शहर, महाविद्यालय, एक वर्ष, उद्या सकाळ. "मला जायचंय," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत ना, कुठे जायचंय? तर मला इथे जायचंय. वर्षभर आईला तुमच्यापैकी कुणीतरी न्यायचं."

"अरे, पण हे असं आयत्या वेळी?" ताई म्हणाली.

"सहा वर्षं मला चहा गाळता गाळता कळतंय सगळं. ते आयत्या वेळी नव्हतं?"

"आईच्या तोंडावर काय हे बोलणं!"

"मग काय आईच्या पाठीमागे बोलू?"

"हे बघ," दादा ढवळता ढवळता म्हणाला, "डोक्यात राख घालू नकोस. ब्रेड संपलाय. तू आधी आतून ब्रेड आण, मग निवांत बोलू."

धाकट्याचे पाय सवयीने उठायला निघाले होते. त्याने ते खुर्चीच्या आडव्या दांडीमागे अडकवले.

"ब्रेड ओट्यावर आहे. अख्खा आहे, कापावा लागेल. ज्याला हवा त्याने आणावा."

कुणी हललं नाही. दादाला हातातल्या चमच्याचं आयतं निमित्त सापडलं. ताईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने आपल्या वाटीत. मग एक खुर्ची मागे सरकली, ती आईची.

"आई, तू कशाला?" ताई म्हणाली.

"तुमचे बाबा होते तेव्हा चाळीस वर्षं मीच आत असायचे," गुडघ्यावर हात ठेवून उठत आई म्हणाली. "घर बदलायचं, नोकरी सोडायची, तुला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं मला ताटं घेऊन बाहेर आल्यावर कळायचं. आता बसूनच असते. बसून तरी काय वेगळं झालं? माझ्यासमोर माझं ठरवता."

आई आपल्या बाजूने बोलतेय, असं धाकट्याला वाटलं, आणि त्याने दादाकडे जरा विजयी नजरेने पाहिलं.

"मी ब्रेड कापून आणते," आई म्हणाली. "मी येईपर्यंत कुणी काही ठरवायचं नाही."

दादाने मान हलवली. ताईनेही हलवली. आई दारापर्यंत गेली आणि वळली. ती धाकट्याकडे बघत होती.

"तूसुद्धा नाही. आधीच ठरवून बसलायस."

धाकट्याची मान खाली गेली. तीन आठवडे तो दादाला काय सांगायचं, ताईला कसं पटवायचं, हे आरशासमोर घोकत होता. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच टेबलाला समोर बसणाऱ्या आईला पत्र दाखवावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

आतून सुरीचा आवाज येऊ लागला. एक तुकडा, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. एवढासा ब्रेड कापायला इतका वेळ लागत नाही, हे चौघांनाही कळत होतं. पण कुणी एकमेकांशी बोललं नाही. दादा इंग्रजी आठ काढत राहिला, आणि चौघंही दाराकडे बघत बसले.